पहिली कुदळ कोणाची

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, मी नागभीडच्या पूर्वेकडच्या एका धानाच्या गावात अडकून पडलो होतो. नागपूरच्या एका दैनिकात नुकताच लागलो होतो. मालगुजार गेल्यावर गावात काय बदलले ते पाहून या, एवढे सांगून संपादकांनी पाठवले होते. आगगाडीने नागभीड आणि तिथून बैलगाडी. पोहोचलो त्याच संध्याकाळी झड लागली. गाव आणि तहसील यांच्या मधला नाला भरला आणि परतीचा रस्ता बंद झाला. मुक्काम शाळेत होता. पटवारीही तिथेच राहत होता, कारण त्याच्या खोलीचे छप्पर गळत होते. तो भंडाऱ्याकडचा तरुण होता, नोकरीत अजून कायम झालेला नव्हता, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी सांगे.

गावाची मांडणी सोपी होती. वरच्या अंगाला तलाव, त्याला अडवणारी मातीची लांब पाळ, पाळीच्या अगदी पायथ्याशी धीवरांचा मोहल्ला, त्याच्या पलीकडे बाकीचे गाव, आणि गावाभोवती धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते. तलावाचे पाणी धानाला आणि तलावाची मासळी धीवरांना. तलाव आतापर्यंत मालगुजाराचा होता. आता तो सरकारजमा झाला होता.

उन्हाळ्यात कोतवालाने तशी दवंडी दिली होती. ती मी ऐकलेली नाही, पण ज्याला विचारले त्याने ती जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली. तलाव सरकारचा आहे. पाळीची माती, झाड, पाणी, मासळी, कशालाही परवानगीवाचून हात लावायचा नाही. माती चोरीला जाऊ नये आणि झाडे तुटू नयेत, एवढाच दवंडीचा हेतू असावा. गावाने ती अक्षरशः पाळली. पूर्वी दर जेठात प्रत्येक घरचा एक माणूस पाळीवर मातीच्या टोपल्या टाकायला जाई, खेकड्यांची बिळे बुजवी, सांडव्याच्या तोंडातला गाळ काढी. ती मालगुजाराची बेगार होती आणि न जाणाऱ्याला मार पडे. बेगार बंद झाल्याचा गावाला आनंद होता. त्यात दवंडी झाली. त्या जेठात पाळीवर कोणीच गेले नाही. खेकडेसुद्धा आता सरकारचे, असे लोक हसून सांगत. बिळे मात्र तशीच राहिली, आणि सांडव्याच्या तोंडात गाळ आणि झुडपे माजली.

झडीच्या तिसऱ्या की चौथ्या सकाळी एक बाई शाळेच्या पडवीत आली. धीवर मोहल्ल्यातली, सरपंचाची भावजय. तिने हातातली वाटी पटवाऱ्यापुढे धरली. वाटीत तांबूस पाणी होते.

“आमच्या घरामागं पाळीतून येऊन राह्यलं. काल साफ येत होतं. आज गढूर हाये.”

पटवाऱ्याने वाटी हातात घेऊन उजेडात धरली. पाळ झिरपते तेव्हा पाणी स्वच्छ आले तर चिंता नसते. गढूळ आले म्हणजे ते आतली माती घेऊन येते. हे त्या गावात पोरांनाही ठाऊक होते, आणि त्या सकाळी मलाही कळले.

मी तिच्यामागे पाळीवर गेलो. तलाव काठोकाठ भरला होता. सांडव्यातून जायला हवे तेवढे पाणी जात नव्हते, आणि त्याच्या तोंडाशी उभे राहण्यासारखी जागा उरली नव्हती. खाली, घरांच्या मागच्या भिंतींपासून काही हातांवर, पाळीच्या पोटातून तीन-चार ठिकाणी पाणी उसळत होते. बायका भांडी आणि जाळी बाहेर काढत होत्या. सरपंच वर उभा होता.

तो स्वतः धीवर होता. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या अंगणात हात वर करून झालेल्या निवडणुकीत तो निवडून आला होता. त्याच्याविरुद्ध एक धानवाला शेतकरी उभा होता आणि थोडक्या हातांनी पडला होता. तो शेतकरीही आता पाळीवर होता, पण दुसऱ्या टोकाला.

उपाय नव्याने शोधायची गरज नव्हती. तलाव फार भरला तर पाळीच्या उत्तर टोकाला, जिथे ती मुरमाच्या टेकडीला भिडते, तिथे ती कापायची. तिथली जमीन कठीण, म्हणून काप फार रुंदावत नाही, पाणी एका बाजूने निघून जाते आणि पाळ वाचते. पूर्वी असे झालेले होते. अडचणी दोन होत्या. एक, त्या कापाचे पाणी ज्या बांधीतून जाते ती बांधी त्या पडलेल्या उमेदवाराची होती. दुसरी, रीत. पाळीला पहिली कुदळ मालकाने मारायची. मालकाने मारल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे लोखंड पाळीला लागत नसे. त्यासाठी एक कुदळ वेगळी ठेवलेली असे आणि ती मालगुजाराच्या घरी असे.

सरपंच आधी तिकडेच गेला. मीही गेलो. जुने मालगुजार ओटीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सरपंचाला बसा म्हटले नाही.

“माज्याकडं काऊन आलास? दवंडी ऐकली नाई का तुनं?”

“ऐकली, मालक. पाळ राहत नाई आता. तुमी पहिली कुदळ मारली तं...”

“मालक नोको म्हनू मले. ज्यायले मत देल्लं त्यायले जाऊन सांग.” त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. “नाई तं असं करा. पानी चढून राह्यलं ना? घ्या मत त्याच्यावर. पाहा उतरते का.”

ओटीखाली उभे असलेले दोघे हसले. सरपंच हसला नाही.

“मंग कुदळ तं द्या.”

मालगुजारांनी आतून कुदळ मागवली. “ने. कुदळ काई सरकारनं मांगतली नाई अजून.”

कुदळ घेऊन सरपंच सरळ शाळेत आला. एव्हाना त्याच्यामागे बरेच लोक होते. त्याने कुदळीचा दांडा पटवाऱ्यापुढे केला. पात्यावर ओले कुंकू होते. ते बोटभर पसरले होते.

“साहेब, चला. पहिली कुदळ मारा. मंग आमी पाहून घेऊ.”

पटवारी उठून उभा राहिला आणि भिंतीला टेकला. “मी? माझा काय अधिकार?”

“तलाव सरकारचा. इथी सरकार म्हंजे तुमी.”

“मी सरकार नाही, सरपंच. मी सरकारचा नोकर आहे.”

“नोकर तं नोकर,” मागून एक म्हातारा म्हणाला. “मालक गावी नसला तं दिवानजी मारे. दिवानजी का मालक होता?”

“तलाव भरत चालला म्हणून, काल नाला थोडा ओसरताच मी कोतवालाला तहसिलीत पाठवलं आहे. हुकूम येऊ द्या.”

“नाल्यावरून हुकूम पोहत येईल का, साहेब?”

पटवारी माझ्याकडे वळला. मी काही सांगावे असे त्याला वाटत असावे. सरपंचही वळला आणि त्याने मला विचारले, “पेपरवाले भाऊ, तुमी सरकारचे का?”

मी नाही म्हणालो.

“मंग लिहून तं ठेवा, का आमी इचारलं होतं.”

पटवारी हळू आवाजात बोलला. तो मुद्दाम निष्ठुर नव्हता, हे मला त्याही वेळी दिसत होते. “हे पाहा, पाळ सरकारी मालमत्ता आहे. तिला कुदळ लावली की गुन्हा. मी मारली तर माझी नोकरी जाईल, तुम्ही मारली तर तुमच्यावर खटला होईल. आपोआप फुटली तर कोणावरच काही नाही.”

पाळ आपोआप फुटली तर ती कुठे फुटेल, हे सगळ्यांनी पाहिले होते. तेवढ्यात सरपंचाची भावजय पुढे आली. तिच्या डोक्यावर चटई होती आणि चटईवर दोन गाडगी.

“कोनावरच काई नाई म्हन्ते. आमच्यावर पाळ येईल ना!” मग ती दिराकडे वळली. “आन् तू? गावानं सरपंच केला तुले, का कुदळ घेऊन दारोदार हिंडाले?”

सरपंचाने कुदळ खांद्यावर घेतली आणि तो पाळीकडे निघाला. पटवारी पडवीच्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

उत्तर टोकाला सगळे गाव जमले. पाऊस थांबला नव्हता, फक्त बारीक झाला होता. शेतकरी आपल्या बांधीच्या धुऱ्यावर बायकोसह उभा होता. धान गुडघ्याच्या वर आले होते. त्याने सरपंचाला आणखी पुढे येऊ दिले नाही.

“मत मांगाले आला होता तवा म्हनला होता, सगळ्याचं काम सारखं करीन. सारखं म्हंजे माज्या बांधीतून का?”

“दुसरी जागा असंल तं दाखव, भाऊ.”

“जागा हेच हाये. मले मालूम नाई का? माज्या बापाची बांधीबी अशीच गेली होती. पन मालकानं आपल्या कोठीतून त्याले धान देल्लं होतं. आता कोन देईल? सरकार देईल?”

“गाव देईल.”

“गाव म्हंजे कोन? तोंड दाखव त्याचं.”

सरपंच मागे वळला. त्याला जी एकच पद्धत माहीत होती ती त्याने वापरली. तो मोठ्याने म्हणाला, “पाळ कापाची ज्यायची इच्छा हाये त्यायनं हात वर करा.”

जवळजवळ सगळे हात वर गेले.

“थांबा!” शेतकरी ओरडला. “असा हात नाई चालत. ज्याचा हात वर, त्याच्या खळ्यातून माज्या घरी धान. नुसता हात वर करनं सोपं हाये. मागच्या हिवाळ्यातबी सोपंच होतं.”

हात खाली आले. एकदम नाही, आधी कडेचे, मग मधले. काहींनी हात खाली घेता घेता डोक्यावरची इरली सारखी केली. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. पाळीखालून मोहल्ल्यातला गलका ऐकू येत होता. एक पोरगा वर येऊन सांगून गेला की उसळणारे पाणी आता मनगटाएवढे झाले आहे.

मी तिथे अनेकांचे चेहरे पाहिले, आणि त्यांत कोणी दुष्ट नव्हते. ज्यांच्या बांध्या तलावाखाली होत्या त्यांना पाणी गेल्यावर स्वतःचे धान निसवून हाती येईल की नाही याची खात्री नव्हती. त्यातून दुसऱ्याला काही द्यायचे होते. आणि पाळ कदाचित टिकेलही. ही आशा त्या घोळक्यात होती, आणि मोहल्ल्यापासून जो जितका दूर राहत होता त्याच्यापाशी ती तितकी जास्त होती.

सरपंचाचा हात अजून वर होता. पण त्याला बांधीच नव्हती, म्हणून त्या हाताला त्या क्षणी काही किंमत नव्हती. हे त्याला समजले असावे. तो तसाच उभा राहिला.

“बायकायचा हात चालते का?” भावजयीने विचारले. गाडगी तिने खाली ठेवली होती.

“चालते तं. मागं मत देल्लं ना बायकायनं,” कोणीतरी म्हणाले.

“मंग ऐका, भाऊ,” ती शेतकऱ्याला म्हणाली. “आमच्यापाशी बांधी नाई, धान नाई. हे पानी गेलं का मासळीबी नाई. पन तुमच्या बांधीत जेवढी रेती येईल तेवढी आमच्या मोहल्ल्याच्या बाया काढतील. शेवटच्या टोपलीवरी. काढली नाई तं माज्या दारात येऊन शिव्या द्या.” आणि तिने हात वर केला. तिच्या मागे मोहल्ल्यातल्या बायकांनी केले.

शेतकऱ्याची बायको हलक्या आवाजात नवऱ्याला काही म्हणाली. काय ते ऐकू आले नाही. मग शाळेच्या पडवीत बोललेल्या त्या म्हाताऱ्याने हात वर केला. त्याची बांधी लहान होती, हे मला नंतर कळले. त्याच्यानंतर आणखी हात वर गेले, या वेळी एकेक करून, आणि प्रत्येक हात वर जाताना बाकीचे त्याच्याकडे पाहत होते. सगळे गेले नाहीत. जे गेले नाहीत तेही सर्वांनी पाहिले.

सरपंचाने कुदळ उचलली. शेतकऱ्याने पुढे येऊन दांडा धरला.

“तू नोको. तू मारशील तं उद्या म्हनतील, धीवरायनं आपल्या घरासाठी कापली.”

“मंग कोन?”

“बांधी कोनाची जाते?” त्याने कुदळ ओढून घेतली. “त्याची पहिली कुदळ.”

त्याने पाळीला हात लावून नमस्कार केला नाही, काही म्हटलेही नाही. फक्त मारली. ओल्या मातीत पाते दांड्यापर्यंत गेले. लगेच सरपंच, आणि त्याच्यानंतर जे जवळ होते ते. काप कमरेएवढा खोल झाला तेव्हा पाणी स्वतःच काम करू लागले आणि सगळे मागे सरले. बांधीतले धान आधी वाकले, मग दिसेनासे झाले. शेतकरी ते पाहत उभा राहिला. त्याची बायको पाठ फिरवून बसली होती.

दुपार कलताना तलावाची पातळी उतरल्याचे दगडांवरच्या ओलीवरून दिसू लागले. मोहल्ल्यामागचे उसळणारे पाणी बारीक झाले. पाळ राहिली. घरेही राहिली.

दुसऱ्या दिवशी नाला उतरल्यावर कोतवाल हुकूम घेऊन आला. साहेबांनी समक्ष पाहणी केल्याशिवाय पाळीस हात लावू नये, असा तो हुकूम होता. पटवाऱ्याने तो दोनदा वाचला आणि सरपंचाला बोलावून घेतले.

“मी एक सुचवतो,” तो म्हणाला. “मी काही पाहिलेलं नाही. पाळ पाण्यानं फुटली असं मी कळवतो. नायब तहसीलदार येतील तेव्हा तुम्हीही तेच सांगा. विषय मिटला.”

“अन् धान?”

“कोणतं धान?”

“फुटल्या पाळीचं धान कोनी कोनाले देत नाई, साहेब. ते देवानं केलं असं होते. ज्यायनं हात वर केला ते उद्या म्हनतील, पाळ तं आपोआप फुटली, आमी काऊन द्याचं? आमी कापली म्हनलं तंच त्या मानसाले धान भेटते.”

“आणि तुम्हाला खटला भेटतो.”

“हो ना,” सरपंच म्हणाला. “मले मालूम हाये.”

मी तेव्हा पडवीत होतो. पटवारी बराच वेळ पेनचे टोपण उघडत आणि लावत राहिला. शेवटी त्याने काय लिहिले ते मी पाहिले नाही. पण नायब तहसीलदार आले तेव्हा त्यांना पाळ कापल्याचे ठाऊक होते.

चौकशी शाळेतच झाली. मुले अंगणात बसवली होती. पहिली कुदळ कोणी मारली, असे साहेबांनी विचारले. शेतकरी उठायला लागला. सरपंच आधी बोलला.

“हुकूम मीनं देल्ला, साहेब.”

“ते मी विचारलं नाही. कुदळ कोणी मारली?”

“गावानं हात वर केला, मीनं हुकूम देल्ला. त्याच्या पुढं कुदळीचं का नाव लिहिता?”

“तुम्हाला सरकारी तलाव कापायचा अधिकार कोणी दिला?”

सरपंचाने अंगणाकडे बोट केले. “याच जागेवर देल्ला, साहेब. मागच्या हिवाळ्यात. मले वाटलं, ते सरकारच होतं.”

साहेबांनी सरपंचाचे बयाण घेतले, त्याचा अंगठा घेतला आणि ते निघून गेले. महिनाभरात सरपंचाला पदावरून दूर केल्याचा कागद आला. खटलाही उभा राहिला. त्याबरोबर आणखी एक हुकूम आला: कापलेली पाळ ही पुराव्याची जागा आहे, निकाल लागेपर्यंत ती आहे तशी ठेवावी.

धानाचे काय झाले ते मी हिवाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा विचारले. हात वर केलेल्यांपैकी बहुतेकांनी दिले होते. काहींनी कमी दिले, दोघांनी दिले नाही, आणि ते दोघे कोण हे गावात सर्वांना ठाऊक होते. रेती धीवर बायकांनी काढली होती. शेतकऱ्याचा खटल्यात साक्षीदार म्हणून उल्लेख होता. तारखेला तो सरपंचाबरोबर एकाच बैलगाडीतून जाई, आणि वाटेत दोघे निवडणुकीवरून भांडत, असे गाडीवाल्याने सांगितले.

जेठात मी तिसऱ्यांदा गेलो. निकाल लागलेला नव्हता. पटवाऱ्याची सिरोंच्याकडे बदली झाली होती. काप तसाच उघडा होता आणि तो तसा राहिला तर पुढच्या पावसाळ्यात तलावात पाणी ठरणार नव्हते. मी पोहोचलो त्या सकाळी पाळीवर माणसे होती. प्रत्येक घरचे एक, काही घरांतून दोन. मातीच्या टोपल्या हातोहात जात होत्या. तो शेतकरी कापाच्या तळाशी उभा राहून माती ठोकून बसवत होता. जुना सरपंच मात्र दिसेना.

मी त्याच्या घरी गेलो. तो दारात जाळे विणत बसला होता आणि अवघडून गेला होता.

“मले येऊ देत नाई ते,” तो म्हणाला. “म्हन्ते, तुज्या नावावर एक खटला हाये तेवढा बस. दुसरा लागला तं आत जाशील, मंग मोहल्ल्याकून तारखेले कोन जाईल?”

ते म्हणजे त्याची भावजय. ती पाळीच्या उतारावर होती. एकेक बीळ हुडकून त्यात ओली माती घालून टाचेने दाबत होती. नवा पटवारी छत्री घेऊन तिच्यासमोर आला. त्याला गावात येऊन आठवडाही झाला नसावा.

“बाई, हे कोणाच्या हुकमानं चाललं आहे? तलाव सरकारचा आहे, माहीत आहे ना?”

“हाये ना. खेकडेबी सरकारचेच हायेत.” तिने टाच उचलून पुढच्या बिळावर ठेवली. “पन बीळ आमच्या घराच्या वर हाये, साहेब. जरा बाजूले व्हा.”

पटवाऱ्याने एकदा वर पाहिले, एकदा खाली मोहल्ल्याकडे. मग तो बाजूला झाला. मी परत निघालो तेव्हा तो छत्री मिटून पाळीच्या कडेला उभा होता आणि मातीच्या टोपल्या त्याच्या पुढून जात होत्या.